गुप्त खात्याचे ऑडिट कोण करणार?

३ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणा विधानसभेचा निकाल लागला आणि जवळजवळ दहा वर्षांचे सरकार गेले. दुसऱ्याच रात्री हैदराबादेत पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाच्या एका कचेरीत कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क काढून नष्ट करण्यात आल्या, असा आरोप आहे. ती कचेरी म्हणजे स्पेशल इंटेलिजन्स ब्युरो, बोलीभाषेत एसआयबी. मार्च २०२४ मध्ये पंजागुट्टा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, डी. प्रणीत राव या निलंबित डीएसपीला अटक झाली, पाठोपाठ आणखी काही अधिकारी आत गेले. एसआयबीचे त्यावेळचे प्रमुख टी. प्रभाकर राव हेही आरोपी आहेत. या सगळ्यांवरचे आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत, तोवर कोणाला गुन्हेगार म्हणणे बरोबर नाही आणि या लेखाचा तो उद्देशही नाही.

तपास करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माओवाद्यांवर नजर ठेवण्यासाठी दिलेली यंत्रसामग्री निवडणुकीच्या काळात विरोधी पक्षाचे नेते, त्यांच्या जवळचे व्यापारी, पत्रकार यांचे फोन ऐकण्यासाठी वापरली गेली आणि कारण म्हणून माओवाद्यांशी संबंध दाखवला गेला. एका उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा फोनही त्यात होता अशी बातमी आल्यावर तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२४ साली स्वतःहून दखल घेतली.

पुष्कळ समाजबांधवांनी हे प्रकरण कोण आत गेला, कोण अमेरिकेत जाऊन बसला, अशा चवीने वाचले. कट्ट्यावर तेवढीच चर्चा झाली. मला मात्र बँकेत वीस वर्षे काढल्यामुळे वेगळाच प्रश्न पडला. ही गोष्ट सापडली कुणाला? तपासणीत सापडली नाही. विधानसभेत कुणी कागद मागितले म्हणूनही सापडली नाही. सरकार बदलले म्हणून सापडली. निकाल उलटा लागला असता तर त्या हार्ड डिस्क आजही जागच्या जागी फिरत असत्या आणि आपल्याला पत्ता नसता.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना एसआयबी हे नाव नवीन नाही. संयुक्त आंध्रच्या काळात नक्षलवाद्यांची माहिती काढण्यासाठी ही शाखा उभी राहिली, आणि ज्या मुलखाकडे बोट दाखवून ती उभी राहिली त्यात आपला आदिलाबाद जिल्हा पहिल्या रांगेत होता. १९८१ सालचे इंद्रवेल्ली, सिंगरेणीच्या खाणींतली सिकासा, जंगलातली दळमे, रात्री भिंतींवर उमटणारी लाल अक्षरे. बेल्लमपल्लीत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर चहाचे हॉटेल होते. तिथे साध्या कपड्यातला एक माणूस नेमाने येऊन बसायचा. तो कोण हे पोरासोरांनाही ठाऊक होते. कोण कुठले तेलुगू मासिक वाचतो, कुणाकडे गावाकडचा पाहुणा उतरला आहे, हे तो चहावाल्याला सहज विचारावे तसे विचारायचा. घरी वडीलधारी माणसे म्हणायची, "हळू बोल रे." एका बाजूला अन्नलुंची भीती, दुसऱ्या बाजूला या माणसाची. आपण मधले.

त्या काळी या यंत्रणेची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. किती पोलीस, किती सरपंच, किती साधी माणसे त्या वर्षांत मेली हे आपण पाहिले आहे. माहिती काढणारे खाते हवेच. पण आपल्या जंगलाचे कारण सांगून घेतलेले हत्यार राजधानीत राजकारणासाठी चालवले गेले असेल, तर त्याचा जाब विचारण्याचा पहिला हक्क आपला आहे.

आता ही खाती बांधलेली कशी आहेत ते पाहू, कारण वर्तमानपत्रात सगळी नावे एकात एक मिसळतात. प्रत्येक राज्याच्या पोलिसांत गुप्तवार्ता विभाग असतो. कागदावर तो पोलीस महासंचालकांच्या हाताखाली. व्यवहारात त्याचा प्रमुख मुख्यमंत्र्यांना रोज भेटणारा माणूस. तेलंगणाची एसआयबी याच विभागाचा भाग आहे. गंमत अशी की केंद्राच्या इंटेलिजन्स ब्युरोच्या राज्याराज्यांतल्या कचेऱ्यांनाही एसआयबीच म्हणतात, पण तिथे एस म्हणजे सब्सिडियरी. ती वेगळी. केंद्राचा इंटेलिजन्स ब्युरो इंग्रजांनी १८८७ साली सुरू केलेल्या शाखेचा वारस आहे, तो गृहखात्याकडे येतो. परदेशातली हेरगिरी सप्टेंबर १९६८ मध्ये त्याच्यापासून काढून 'रॉ' ही नवी संस्था केली. त्यावेळी गृहमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. म्हणजे त्यांच्या खात्यातून एक मोठा तुकडा उचलून कॅबिनेट सचिवालयात, म्हणजे थेट पंतप्रधानांच्या हाताशी, नेऊन ठेवला गेला. कारगिलनंतर लष्करी गुप्तवार्तेची डीआयए आणि तांत्रिक टेहळणीची एनटीआरओ यांची भर पडली. मुंबईच्या हल्ल्यानंतर एनआयए आली, पण ती तपास करून खटला भरणारी संस्था आहे आणि तिच्यासाठी २००८ साली संसदेने रीतसर कायदा केला.

इंटेलिजन्स ब्युरो आणि रॉ यांच्यासाठी मात्र असा कायदाच नाही. कामे कोणती, अधिकार कोणते, मर्यादा कोणती, हे सांगणारा संसदेचा एकही कायदा नाही. सरकारी आदेशावर सगळा कारभार. यांच्याविषयी संसदेने एक कायदा केला आहे खरा, १९८५ सालचा. त्यात काय आहे? या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांनी युनियन करू नये, वर्तमानपत्राशी बोलू नये. आम्हा बँकवाल्यांना युनियनचे महत्त्व निराळे सांगायला नको, म्हणून मला हे जास्त टोचले. संस्थेला लगाम नाही आणि कारकुनाला आहे.

खर्चाचेही तसेच. देशाच्या पैशाचा हिशेब कॅग तपासतो. पण गुप्त सेवेच्या खर्चाची व्हाउचरे त्याच्यापुढे जात नाहीत. नेमलेल्या अधिकाऱ्याने खर्च योग्य झाल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आणि कॅगने ते मान्य करायचे. माहितीचा अधिकार २००५ साली आला, त्यात कलम २४ खाली ही खाती वगळली, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारींपुरती खिडकी ठेवली. राज्य सरकारलाही आपापली गुप्तवार्ता खाती तशीच वगळता येतात.

फोन ऐकण्याबद्दल नियम आहेत, नाहीत असे नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या खटल्यात ते घालून दिले. हुकूम गृह सचिवांचाच हवा, तो साठ दिवसांपुरता, वाढवला तरी एकूण एकशेऐंशी दिवसांच्या पुढे नाही, आणि दर दोन महिन्यांनी आढावा समितीने बसून हुकूम तपासायचे. पुढे २००७ मध्ये हेच टेलिग्राफच्या नियमांत घातले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नवीन दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले, त्यातही ढाचा तोच. राज्याच्या आढावा समितीत कोण? मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. तिघेही त्याच सरकारचे नोकर. आमदार नाही, न्यायाधीश नाही, बाहेरचा कुणी नाही.

ही समिती काम कसे करते त्याचा एक हिशेब उपलब्ध आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे आपल्या घराघरात माहीत असलेले, त्यांच्या समितीने २०१८ साली माहितीच्या संरक्षणाविषयी अहवाल दिला. त्यात लिहिले आहे की केंद्राच्या आढावा समितीपुढे दर बैठकीला पंधरा ते अठरा हजार हुकूम तपासायला येतात. मी कॉमर्सचा माणूस, लगेच कॅल्क्युलेटर काढला. तिघे सचिव चहालाही न उठता आठ तास बसले तर २८,८०० सेकंद होतात. पंधरा हजार हुकमांना भागले तर एका हुकमाला दोन सेकंदही येत नाहीत. आमच्याकडे पाचशे रुपयांच्या चेकवरची सही पडताळायला याहून जास्त वेळ लागतो.

कुणी म्हणेल, बँक वेगळी आणि देशाची सुरक्षा वेगळी. मान्य. पण गुप्तता म्हणजे काय हे आम्हालाही कळते. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही करूनच आम्ही खुर्चीवर बसतो. कुणाच्या खात्यात किती आहे हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. तरीसुद्धा आमच्यावर चालू ऑडिट असते, वार्षिक ऑडिट असते, रिझर्व्ह बँकेची तपासणी असते. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे. एंट्री करणारा एक, पास करणारा दुसरा. बाहेरून आलेला तपासनीस सगळी खाती पाहतो आणि बाजारात जाऊन बोलत नाही, कारण तोही त्याच बंधनात असतो. मॅनेजरने "माझ्यावर विश्वास ठेवा, मी प्रमाणपत्र देतो" म्हटले तर तपासनीस सस्पेन्स खात्याचे पान आधी उघडतो!

बाहेरच्या देशांनी हे कसे सोडवले? अमेरिकेत १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयए आणि एफबीआयची झडती घेतली. नागरिकांची पत्रे उघडून वाचली जात होती, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पाळत होती, हे बाहेर आले. त्यानंतर सिनेटमध्ये १९७६ आणि प्रतिनिधिगृहात १९७७ साली कायमच्या समित्या झाल्या. इंग्लंड आपल्यासारखेच, गुपिते कपाटात ठेवणारे. त्यांनीही १९९४ साली कायदा करून खासदारांची समिती नेमली आणि २०१३ साली तिचे अधिकार वाढवले. नऊ सभासद, दोन्ही सभागृहांतले, सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही, सगळे गुप्ततेने बांधलेले. सीआयए किंवा इंग्रजांची एमआय फाइव्ह त्यामुळे लुळी पडली असे काही दिसत नाही.

उलट, देखरेख नसली की सुरक्षेचेच नुकसान होते, आणि त्याचा दाखला मुंबईचा आहे. जुलै २००५ मध्ये लंडनच्या रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले. तिथल्या खासदारांच्या समितीने गुप्तचरांना बोलावून विचारले आणि मे २००६ मध्ये अहवाल छापला. हल्लेखोरांपैकी काही जण आधी यंत्रणेच्या नजरेखालून गेले होते हे त्यात आले. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ नंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान समिती नेमली. प्रधान माजी केंद्रीय गृहसचिव, सोबत रॉमधून निवृत्त झालेले बालचंद्रन. दोघेही जाणकार. समुद्रातून हल्ला होईल अशा सूचना आधीच येऊन पडल्या होत्या, पण त्या एकत्र लावून कुणी वाचल्या नाहीत, हे त्यांनी दाखवले. परंतु केंद्राच्या गुप्तचर संस्था त्यांच्या कक्षेबाहेर होत्या. सूचना कुणी दिली, कशी दिली, पुढे काय पाठपुरावा केला, ही अर्धी वही त्यांना उघडताच आली नाही. संसदेची समितीही ती उघडायला गेली नाही, कारण तशी समितीच नाही.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. आणीबाणीनंतर शहा आयोगापुढे इंटेलिजन्स ब्युरोच्या राजकीय वापराचा विषय निघाला, मग एल. पी. सिंग समिती नेमली गेली, पण कायदा झाला नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले. या खात्यांना कायद्याचा पाया द्या, सभापती, पंतप्रधान, विरोधी पक्षनेते यांची समिती करा, लोकांच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरण ठेवा, असे त्यात होते. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे होते, तरी पुढे सरकले नाही. १९७० नंतर आपल्या देशात एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, तेव्हा नवल वाटायला नको. काही लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१६ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. जुलै २०२१ मध्ये पेगासस हेरगिरीचा गवगवा झाला तेव्हा शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने बैठक बोलावली. सत्ताधारी खासदार आले, पण हजेरीपटावर सही करीनात. कोरम झाला नाही. बोलावलेले अधिकारीही आले नाहीत. संसदेच्या समितीची ही किंमत!

आणि हा एकाच पक्षाचा दोष नाही, हे महाराष्ट्राकडे पाहिले की कळते. नाना पटोले यांचा फोन 'अमजद खान' या खोट्या नावाने ऐकला गेला, असा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. सरकार बदलले होते म्हणून चौकशी लागली, पुण्यात गुन्हा नोंदला गेला. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदलले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयात गुन्हे रद्द झाले. संबंधित अधिकारी दोषी होते की निर्दोष, हे मी ठरवणार नाही. पण फाइल उघडली ती सरकार बदलल्यावर आणि मिटली तीही सरकार बदलल्यावर, हा काही योगायोग नव्हे. विरोधात असताना प्रत्येक पक्ष टॅपिंगवर बोलतो. सत्तेत आला की तोच पक्ष गप्प बसतो, कारण रोज सकाळी टेबलावर येणारा तो बंद लिफाफा कुणालाच सोडवत नाही.

एक प्रामाणिक अडचण आहे ती लपवत नाही. आमदारांची समिती नेमली तर आमदार कसे निघतील? सार्वजनिक लेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकांना देण्याची प्रथा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तेलंगणात ते आरेकपुडी गांधी यांना मिळाले. ते बीआरएसच्या तिकिटावर निवडून आलेले, पण काँग्रेसमध्ये गेले म्हणून बीआरएसने हा आमचा माणूसच नव्हे असा दंगा केला. म्हणून नुसती आमदारांची समिती पुरणार नाही. उच्च न्यायालयाचा एक निवृत्त न्यायाधीश तिच्यात हवा, आणि समितीला नावे पाहायची गरजच नाही. किती हुकूम निघाले, कोणत्या कारणाखाली किती, मुदतीनंतर किती बंद झाले, नोंदी नष्ट केल्याचा दाखला कुणी कोणत्या तारखेला सही केला. एवढे चार रकाने दर तीन महिन्यांनी भरून आले असते, तर निवडणुकीच्या महिन्यात माओवादाच्या रकान्यातला आकडा एकदम का फुगला, हे कुणीतरी विचारले असते. खबऱ्याचे नाव न कळता विचारले असते.

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, त्याला आणखी एक कारण आहे. गोदावरीपलीकडच्या पेद्दपल्लीचा मल्लोजुला वेणुगोपाल, माओवाद्यांच्या वरच्या फळीतला, ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्या वर्षात तेलंगणातही पुष्कळ जण बाहेर आले. ज्यांच्यासाठी एसआयबी उभी राहिली ते संपत चालले आहेत. पण माणसे, यंत्रे, बजेट तिथेच आहे. ते उद्या कुणावर लावायचे हे कोण ठरवणार?

आपली घरे इथे कित्येक पिढ्यांची. राजुरा, किनवट १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. राज्ये वेगळी झाली तरी सोयरीक तुटली नाही. आजही आपल्या घरातून दिवसाला चार फोन चंद्रपूरला, सिरोंच्याला, नांदेडला जातात. प्राणहितेच्या अलीकडून पलीकडे बोलणारा नंबर यंत्रणेच्या नजरेत कसा दिसतो हे नव्वदच्या दशकात आपल्यातल्या काही जणांनी अनुभवले आहे. आपण संख्येने थोडे, भाषेने वेगळे, २०१६ मध्ये जिल्हाही बदलून मंचेरियाल झाला. मोठ्या नेत्याचा फोन ऐकला तर पेपरात येते. आपला ऐकला तर आपल्यालाही कळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करून आपल्या बेल्लमपल्लीच्या आमदारांना पत्र द्यावे आणि तीन प्रश्न विधानसभेत विचारायची विनंती करावी. तेलंगणाच्या आढावा समितीच्या २०२३ सालात किती बैठका झाल्या? त्यांत किती हुकूम नामंजूर झाले? आणि गुप्तवार्ता विभागावर देखरेखीसाठी विधिमंडळाची समिती नेमायला सरकारची तयारी आहे का? यात एकही गुपित फुटत नाही. पत्र तेलुगूतच हवे, मराठीतले पत्र हैदराबादेत कोण वाचणार. मसुदा मी लिहून कार्यकारिणीकडे देतो, शब्द कमीजास्त करायला ज्येष्ठ मंडळी आहेतच. सह्यांचा कागद संघाच्या कचेरीत ठेवू. नाव आणि गल्ली पुरे, फोन नंबरचा रकाना ज्याला भरायचा त्याने भरावा.